पोटाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: मोजायचं कसं, कमी करायचं कसं

"दुखतंय का?" असं विचारलं की बरेच पेशंट "नाही सिस्टर, बरं आहे" म्हणतात. निपचित पडून असताना खरंच फारसं दुखत नसतं. म्हणून असं विचारा: "आजी, जरा खोकून दाखवा. आता कुशीवर वळा. किती दुखलं?" पडून असताना ३ सांगणारा पेशंट खोकताना ८ सांगतो. आपल्या कामाचा आकडा हा दुसरा. दुखेल या भीतीने पेशंट खोल श्वास घेत नाही, कफ साचतो, पलंगावरून उतरत नाही. मग न्यूमोनिया आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, हे आधी समजावून सांगा. आकडे जमत नसतील तर 'थोडं, मध्यम, खूप, असह्य' चालेल. तीन वर्षांपुढच्या मुलांना चेहऱ्यांची पट्टी दाखवा. उत्तर पेशंटचंच घ्या, नातेवाइकांचं नको. मोबाइल बघतोय म्हणून दुखत नसेल, असं धरून चालू नका.

आकड्यासोबत जागा बोटाने दाखवायला सांगा. टाक्यांवर ओढ, हालचालीला कळ, हे अपेक्षित आहे. पण औषध देऊनही आकडा चढतोय, पोट कडक होतंय, नाडी वाढतेय, बीपी घसरतंय, तर पुढच्या डोसची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. आत रक्तस्राव किंवा आतड्यातून गळती असू शकते. बेचैन पेशंटच्या ओटीपोटावर हात ठेवून पाहा. लघवी तुंबली असेल तर तिथे फुगवटा लागतो. कॅथेटर असेल तर नळी दुमडली आहे का तेही बघा. तुंबलेली लघवी पेनकिलरने मोकळी होत नाही.

पॅरासिटामॉल ५० किलोंवरच्या प्रौढाला साधारणपणे १ ग्रॅम दर सहा तासांनी, सलाइनमधून १५ मिनिटांत. वजन त्याहून कमी असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम. एरवी धडधाकट प्रौढालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. चूक होते ती गोळी सुरू करताना: ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही (एकाच गोळीत दोन औषधं) पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरायचं राहतं. डायक्लोफिनॅकआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीचं प्रमाण, अल्सर आणि दमा विचारा. ट्रॅमाडॉल शिरेतून देताना हळू द्या, भरकन दिलं की उलट्या होतात. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. ऑर्डर ठरावीक वेळेची असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. 'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच, असं लिहिलेलं औषध पेशंट मागत नाही म्हणून राहून जातं, तेव्हा तुम्हीच जाऊन विचारा.

मॉर्फिन किंवा फेंटानिलआधी पेशंटला न उठवता पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मग हाक मारा. बोलता बोलता मध्येच डोळा लागत असेल तर डोस थांबवून कळवा. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन ९८ दिसलं तरी निर्धास्त राहू नका, श्वास मंदावलेला असतानाही तो आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो. श्वास १० च्या खाली गेले तर औषध बंद, पेशंटला जागं करा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना ताबडतोब बोलवा आणि नॅलोक्सोन (मॉर्फिन-फेंटानिलचा असर उतरवणारं औषध) मागवा.

खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला लावा. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताच्या आधाराने. चालवायचं असेल तर गोळी तासभर आधी द्या.

शिरेतून औषध दिल्यावर १५ ते ३० मिनिटांनी, गोळीनंतर तासाभराने परत जाऊन तोच प्रश्न विचारा, पुन्हा खोकायला लावून. सर्वांत जास्त राहून जाते ती ही फेरी. 'पेन रिलीव्ड' एवढंच लिहू नका. वेळ, औषध, डोस, आधीचा आणि नंतरचा आकडा, श्वास, गुंगी हे सगळं लिहा. आकडा उतरला नसेल तर फोनवर नेमकं सांगा: "सर, दहा वाजता पॅरासिटामॉल १ ग्रॅम दिलं, खोकताना ८ होतं, साडेदहाला ७ आहे, श्वास १८, पूर्ण जागे आहेत, पोट मऊ आहे. पुढे काय देऊ?"