औंढ्यालाच का? : चालू घडामोडींचा अभ्यास मी कसा बदलला

ऑगस्ट २०२४. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या आम्हा मुलामुलींसाठी सराव मुलाखत ठेवली होती. समोर तिघे बसलेले. जिल्हा हिंगोली म्हटल्यावर मधल्या सरांनी विचारलं, "तुमच्याकडे लायगो येतंय ना?" मला बरं वाटलं, कारण ही ओळ माझ्या वहीत होती. लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, औंढा नागनाथ, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, २,६०० कोटी रुपये. घडाघडा म्हणून दाखवलं. सर म्हणाले, "बरं. पण औंढ्यालाच का?"

मी गप्प. लहानपणापासून श्रावणात ज्या नागनाथाच्या दर्शनाला गेले, तिथलाच प्रकल्प, आणि 'का' मला ठाऊक नाही. सर पुढे म्हणाले, "गेल्याच महिन्यात तुमच्याकडे भूकंप झाला. मग एवढं नाजूक यंत्र तिथे चालेल कसं?" १० जुलैला सकाळी घरी मांडणीवरची भांडी वाजली होती. आईचा फोन आला होता. ४.५ तीव्रतेचा तो धक्काही माझ्या वहीत होता, पण वेगळ्या पानावर. त्या दोन पानांची गाठ मी कधी घालूनच दिली नव्हती.

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. पुढच्या प्रयत्नात झाली. मधल्या काळात मी विज्ञान-तंत्रज्ञान, धोरणं आणि संरक्षण हे तिन्ही भाग पुन्हा पहिल्यापासून केले. आता नव्याने तयारीला लागलेल्यांसाठी लिहिते आहे.

आधी त्या दोन प्रश्नांची उत्तरं. लायगो म्हणजे काटकोनात बसवलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब दोन निर्वात नळ्या. त्यांतून लेझर जातो, टोकाच्या आरशावर आपटून परत येतो. गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लहर, गेली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या आकाराच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. इतकं बारीक मोजायचं तर जमिनीची सततची थरथर हाच मोठा शत्रू. रेल्वे, ट्रक, कारखाने, समुद्राच्या लाटा, सगळं त्यात येतं. म्हणून या सगळ्यापासून लांबची, शांत जागा लागते. भूकंप अधूनमधून येतो आणि जातो. तेवढ्यापुरतं निरीक्षण थांबतं आणि मग यंत्र पुन्हा जागेवर आणता येतं. रोजची खडखड मात्र थांबत नाही. शिवाय असे दोन शोधक अमेरिकेत आहेत, एक इटलीत. त्यांच्यापासून दूर भारतात आणखी एक असला, तर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे जास्त अचूक कळतं.

हे समजून घ्यायला मला एक दुपार पुरली. त्याआधी वन-लायनर पाठ करण्यात दोन वर्षं गेली होती.

तेव्हापासून प्रत्येक बातमीला मी तीनच गोष्टी विचारते: कोणती अडचण सोडवायला हे केलं, ते चालतं कसं, आणि यामागे कायदा कोणता, पैसा कुणाचा. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचं घ्या. ३० डिसेंबर २०२४ ला उड्डाण, १६ जानेवारी २०२५ ला दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले, अशी कामगिरी करणारा भारत चौथा देश. वह्यांमध्ये नोंद बहुधा इथेच संपते. पण जोडायचं कशासाठी? एका रॉकेटला एका खेपेत किती वजन नेता येतं याला मर्यादा आहे. चंद्रावरची माती परत आणायची किंवा स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं, तर भाग वेगवेगळे नेऊन वरच जोडावे लागणार. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेलं चांद्रयान-४ आणि २०३५ पर्यंत उभारायचं भारतीय अंतराळ स्थानक यांची पायरी म्हणजे स्पेडेक्स. आता ही एक नोंद तीन बातम्या धरून ठेवते.

संरक्षणाचा भाग मुलं सर्वांत जास्त पाठ करतात आणि सर्वांत लवकर विसरतात. क्षेपणास्त्रांचे पल्ले, सरावांची नावं, जहाजांची यादी. मी ते सोडून प्रकार समजून घेतले. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत तीन नौका एकाच दिवशी राष्ट्राला अर्पण झाल्या: सुरत, निलगिरी आणि वाघशीर. एक विनाशिका, एक फ्रिगेट, एक पाणबुडी, आणि तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. या तिघींत फरक काय आणि नौदलाला तिन्ही का लागतात, एवढं नीट लिहिता आलं की निम्मं काम झालं. पुण्यात राहणाऱ्यांनी तर पाषाणचा रस्ता आठवावा. 'पिनाक' ही रॉकेट प्रणाली तिथल्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एआरडीई प्रयोगशाळेत विकसित झाली. १२ रॉकेट ४४ सेकंदांत सुटतात. आपण रोज बसने जिथून जातो तिथलं काम आहे म्हटल्यावर ते डोक्यातून जात नाही.

एक सांगायलाच हवं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आमच्या ग्रुपवर आकड्यांचा पूर आला होता. कुणी विमानं मोजत होतं, कुणी शहरांची नावं टाकत होतं. काही मुलींनी ते तसंच नोट्समध्ये उतरवलं आणि नंतर पानं फाडली. मी तेव्हापासून नियम केला: सरकारी पत्रक किंवा संसदेतलं उत्तर हाती येईपर्यंत वहीत पेन टेकवायचा नाही. चार दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही. पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची पत्रकं मराठीतही निघतात. इंग्रजी आणि मराठी पत्रक शेजारी ठेवून वाचा. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. मराठीतून लिहिणाऱ्याला संज्ञा तिथेच मिळतात, ऐन परीक्षेत भाषांतर करत बसावं लागत नाही.

लोकसभा-राज्यसभेतली लेखी उत्तरं तर फारच कमी मुलं वाचतात. योजनेला मंजूर किती, खर्च किती, अडलं कुठे, हे खासदाराने विचारलेलं असतं आणि मंत्र्याने लेखी दिलेलं असतं. उत्तराला वजन येतं ते अशा तपशिलाने.

धोरणाच्या बाबतीत तारखांची माळ करा, पण प्रत्येक मण्यामागचं कारण धरून. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, एवढ्यावर थांबू नका. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी नेमलेली न्यायमूर्ती श्रीकृष्ण समिती, २०१८ चा अहवाल, २०१९ चं विधेयक, २०२२ मध्ये ते मागे घेतलं गेलं, २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधल्या वैयक्तिक माहितीच्या तरतुदीत बदल केला. खासगीपणा आणि पारदर्शकता यांची ओढाताण इथे आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त वेळ याच जागी द्यावा. उद्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज हाती घेऊन निर्णय तुम्हालाच करायचा आहे.

जमलं तर एकदा खोडदला जा. नारायणगावजवळची तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. मी पहिल्यांदा खाली उभी राहून वर पाहिलं तर त्या थाळीतून चक्क आभाळ दिसत होतं. पत्रा नाहीच, बारीक तारांची जाळी. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी पुरते, वारा आरपार जातो, वजन आणि खर्च कमी होतो. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. एसकेए या दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या महाकाय दुर्बिणीत भारताचा सहभाग १,२५० कोटींचा. तो भारताला का मिळाला हे त्या जाळीखाली उभं राहिलं की कळतं.

निवड झाल्यावर गावी गेले तेव्हा बाबांना लायगो समजावून सांगितलं. ओसरीवर दोन काड्या काटकोनात ठेवल्या, आरसे कुठे, लेझर कुठून, सगळं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "बाजूच्या शेतातून ट्रॅक्टर गेला तर हलंल का गं ते?" मी म्हटलं, हलू नये म्हणूनच ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर, लंबकासारखे टांगतात. बाबा थोडा वेळ काड्यांकडे बघत बसले. "मग पेरणीच्या दिवसांत काय करतील?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वही आणायला मी आत गेले.