ऊडनाडाटा ट्रॅकवर कॅरॅव्हॅनमध्ये लाल धूळ: शेवटी काय लागू पडलं

दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक: मारी ते मार्ला, सुमारे 600 किलोमीटर कच्चा रस्ता. गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. पहिल्याच मुक्कामी दार उघडलं तर गादीवर कुंकू सांडल्यासारखी धूळ, आणि घट्ट झाकणाच्या डब्यातल्या पोह्यांतसुद्धा कचकच.

आधी खिडक्यांचे रबर बदलले, दाराला चिकटपट्टी लावली, छतावरच्या हवेच्या झरोक्यांची झाकणं बंद केली. धूळ तेवढीच. वैताग आला.

चूक झाकणं बंद करण्यातच होती. चालत्या कॅरॅव्हॅनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि खालच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त हवा.

मग असं केलं. रात्री आत दिवे लावून कॅरॅव्हॅनखाली आडवा झालो. जिथून उजेड दिसला ती फट. सिंकच्या पाइपाभोवती अंगठाभर भोक निघालं! अशा सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवून रात्रभर वाळू दिली. सकाळी गॅस सिलिंडरवरच बंद केला आणि दाराची खालची जाळी टेपने झाकली. शेवटी छतावर पुढच्या बाजूला धूळ रोखण्यासाठीच मिळणारं, पुढे तोंड असलेलं झाकण बसवून ते उघडं ठेवलं, म्हणजे चालताना समोरची हवा आत शिरून दाब वाढतो. साधं झाकण असं उघडं ठेवू नका, वाऱ्याने उखडतं.

समोरून गाडी आली की मात्र वेग कमी करून तिची धूळ बसू द्यायची, नाहीतर तीच वरून आत येते.

मुक्कामाला पोचल्यावर चहा ठेवण्याआधी जाळीवरचा टेप काढायचाच. ती गॅससाठीची वायुवीजनाची वाट आहे, कायमची बुजवायची नाही.

पुढच्या मुक्कामी गादी स्वच्छ, फक्त उंबऱ्यावर चिमूटभर.