प्यायची साखर कशी कमी करायची (चा सोडायचा नाही, भिऊ नका)

गेल्या उन्हाळ्यात माझी उपाशीपोटीची शुगर ११४ आली. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर आणि १२६ किंवा त्याच्या वर आणि परत तपासून तेवढीच आली की डायबेटीस, असं डॉक्टरनी सांगितलं, तर मी म्हटलं मी गोड खातच नाही ओ, घरात कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणला तरी दोन चमचे. ते म्हणाले, खाता ते राहूदे, पिता काय ते सांगा. तिथं माझी बोलती बंद.

तर पहिलं काम, चार दिवस फक्त लिहून काढा. काय प्यायलं आणि त्यात साखर किती, बाकी काही बदलू नका. माझं असं निघालं, चा पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, एक चमचा चार ग्रॅम धरला तर चाळीस ग्रॅम झाले की इथंच! वर दुपारी दुकानात कोणतरी आलं की कोल्ड्रिंक. डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध आणि ज्यूसमधली साखर मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २००० कॅलरीवाल्याला पन्नास ग्रॅम, आणि २५ ग्रॅमपर्यंत खाली आणली तर अजून बरं.

बाटलीच्या मागं बघायची सवय लावा, पण तिथं आकडा बहुतेक १०० मिलीचा असतो, लोक तिथंच फसतात. साध्या कोल्याला १०-११ ग्रॅम लिहिलेलं असतं, वाटतं एवढंच होय, पण बाटली २५० ची असली तर अडीचनं गुणा, सहा चमच्यांच्या वर जातंय. एवढी साखर कुंद्यातनं खाल्ली तर पोटाला कळतं तरी, जेवताना भाकरी एक कमी जाते, पण प्यालेली साखर पोट मोजतच नाही, भाकरी तेवढीच जाते. त्यातलं फ्रुक्टोज, म्हणजे साखरेतलाच एक भाग, लिव्हरला जातं, जास्त झालं की तिथं चरबी बनते, युरिक ॲसिड पण वाढतं. २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर रोज एक-दोन गोड ड्रिंक घेणाऱ्यांत, जवळजवळ न घेणाऱ्यांपेक्षा, टाईप २ डायबेटीसचा धोका २६ टक्के जास्त दिसला. पिणाऱ्या प्रत्येकाला होतो असं नाही, पण आमच्यासारख्या घरात आईबाबांना दोघांनाही शुगर असली तर कशाला विषाची परीक्षा.

आता उसाचा रस. आपल्याकडं इकडं बघावं तिकडं ऊस आणि कारखाने, त्यामुळं रस म्हणजे घरचाच, नॅचरल, असं आमचे काका अजून म्हणतात. एका ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज असते ओ काका, ऊस आपल्या शेतातला असला म्हणून शुगर सूट देत नाही. गुळाचा चा पण त्यातलाच, थोडं लोह असेल, पण गूळ म्हणजे शेवटी साखरच. फळ असेल तर चावून खा, ज्यूस नको.

चा मध्ये दोनाचा दीड चमचा करा, दहा-बारा दिवस तसंच राहूदे, मग एक. एकदम बंद केलं की तिसऱ्या दिवशी बिस्किटाचा पुडा फुटतो, माझा फुटलाय.

थंड काहीतरी पाहिजेच, तर ताक, जिरं घालून. नाचणीची आंबील ताकातली. कोकमचं गोड सरबत बाटलीतलं आणू नका, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणा, त्यात साखर नसते पण मीठ असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी बेतानं. डायट कोला कधीतरी चालेल, पण त्यात साखरेऐवजी जो दुसरा गोडवा असतो, वजन कमी करायला त्याच्यावर अवलंबून राहू नका असं डब्ल्यूएचओनंच २०२३ मध्ये सांगितलंय.

सगळ्यात अवघड पाहुणचार. खानापूरला आत्याकडं गेलो की "साखर कमी घाल" म्हटलं तर ती अजून अर्धा चमचा वाढवते, प्रेमानं. तिथं मी "अर्धाच कप दे गं" म्हणतो, कप छोटा झाला की साखर आपोआप कमी.

आणि एक, घरात कोण इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल, घाम सुटून हात थरथरायला लागले, शुगर ७० च्या खाली गेली, तर तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यातनं लगेच द्यायची, माणूस शुद्धीत असला तरच, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. तेवढ्यासाठी साखरेचा डबा रिकामा करू नका.