गावच्या दुकानांतली कला कशी हेरायची

आठवडी बाजाराच्या दिवशी साडेसातच्या सुमारास पोचा. शटरवर रंगवलेली अक्षरं शटर खाली असतानाच दिसतात. दुकान उघडलं की ती वर गुंडाळली जातात. हातची पाटी ओळखायला एकाच पाटीवरचे दोन ‘र’ ताडून पाहा. फ्लेक्सवर ते हुबेहूब सारखे असतात, पेंटरच्या हातचे किंचित वेगळे. शिरोरेघेजवळ कधी खडूच्या दोरीची पुसट रेघ उरलेली असते. ती सापडली की फार आनंद होतो! फोटो तिरक्या उन्हात, फ्लॅश बंद ठेवून काढा, नाहीतर ऑइल पेंट चकाकतो आणि अक्षरांच्या जागी पांढरा डाग येतो. दुकानदाराला आधी विचारा; पेंटरचं नावही बहुधा तिथेच कळतं.

पोळ्याच्या आधीच्या बाजारात झुली, घुंगरमाळा, बैलांच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या आणि तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी येतात. नंदी घेताना ओलं बोट रंगावर घासा. बोटाला लागला तर पोरांच्या हातालाही लागणार. चाकं फिरवून बघा, मग पायाचा सांधा हलवून बघा. लाकूड ओलं असेल तर वाळताना ते आक्रसतं आणि नंदी सांध्यातच ढिला पडतो.