काळोखी आली म्हणून खूश होऊ नका: बेण्याच्या बटाट्यातलं नत्र

आंबेगाव-खेड पट्ट्यातला रब्बी बटाटा आता महिन्याचा होत आलाय. भर लावायची (झाडाच्या बुडाशी माती चढवायची) वेळ, म्हणजेच युरियाचा दुसरा हप्ता द्यायची. ज्यांनी एखादा तुकडा पुढच्या खरिपाला घरचं बेणं म्हणून राखलाय, त्यांना कळकळीची विनंती आहे. त्या तुकड्यात गोणी फोडण्याआधी पाला नीट बघा.

खायच्या बटाट्याला काळोखी आली, म्हणजे पाला गर्द हिरवा झाला, की बरं वाटतं. बेण्याच्या रानात मात्र ती मला खटकते. नत्र जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं आणि कंद उशिरा धरतं. पाला कापायची वेळ आली तरी साल कच्चीच असते, आणि काढताना सोलपटलेलं बेणं शीतगृहात टिकत नाही. लुसलुशीत शेंड्यावर मावा जास्त पोसतो, आणि मावाच बटाट्याचा वाय विषाणू (PVY) एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. सगळ्यात वाईट म्हणजे गर्द हिरव्या पानावर मोझॅकचे, म्हणजे विषाणूने पडणारे, फिकट चट्टे नीट दिसत नाहीत. रोगट झाडं उपटायला आलेला माणूस त्यांच्या शेजारून निघून जातो, आणि तो रोग बेण्यातून पुढच्या हंगामात येतो.

नत्र ओळखायचा सोपा उपाय आहे. भर लावायच्या आठवडाभर आधी कडेच्या दोन सऱ्यांना युरिया देऊन पाणी सोडा. आठ दिवसांनी सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन, त्या सऱ्या आणि बाकीचं रान शेजारी शेजारी बघा. रंगात फरक नसेल तर रानात नत्र पुरेसं आहे. (त्या दोन सऱ्यांतला बटाटा खायला ठेवा, बेण्याला नको.)

पानं बघताना शेंड्याकडून चौथं, पूर्ण उघडलेलं पान धरा. बांधाकडची झाडं सोडून नागमोडी चालत तीस-चाळीस झाडं तपासा. प्रयोगशाळेत देठ पाठवायचे असतील तर हीच पानं सकाळी तोडा, पर्णिका (देठावरची छोटी पानं) खुडून फक्त देठ कागदी पिशवीत भरा. खत दिल्यावर लगेच नमुना घेऊ नका. दव सुकल्याशिवाय रानात शिरू नका, आणि संशयित झाडाला हात लागला तर साबणाने धुवा. बटाट्याचा दुसरा एक विषाणू, एक्स (PVX), नुसत्या स्पर्शानेही पसरतो.

पिवळेपणा दिसला की लगेच युरिया आठवतो, पण आधी पिवळं कुठे आहे ते बघा. खालची जुनी पानं सगळीकडे सारखी फिकट पडली असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या रानात बहुधा लोह कमी. सखल भागातच पिवळं असेल तर पाणी साचतंय. हिरव्या रानात एकटंदुकटं झाड पिवळं किंवा आखडलेलं दिसलं तर ते कंदासकट उपटून बाहेर न्या.

महिन्यानंतरचा हप्ता हेक्टरी ५० किलो नत्राचा, म्हणजे एकरी युरियाची ४५ किलोची एक गोणी. पाला फिकट असेल तर पूर्ण द्या. दोन सऱ्यांइतकाच हिरवा असेल तर बेण्याच्या तुकड्यात अर्धा पुरे, आणि मुळातच काळोखी असेल तर देऊच नका. लागवडीला ४५ दिवस झाले की मग युरिया बंद, फवारणीतूनसुद्धा नको.