आडवं चालत नेम धरायचा तर गुडघे सैल हवेत

आडवं चालत गोळी झाडली आणि ती भलतीकडे गेली, की बहुतेक नेमबाज हाताला दोष देतात. पकड आवळतात, ट्रिगर आणखी जपून दाबतात, आणि पुढची गोळीही तशीच जाते. हाताचा नाद सोडा, आधी गुडघ्यांकडे बघा.

मुंबईत हे शिकायला सकाळी अकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनाबाहेर उभं राहावं. डब्यांनी भरलेला लांब लाकडी क्रेट डोक्यावर घेऊन डबेवाला गर्दीतून निघतो. पाय झपझप चालतात, पण क्रेट एकाच उंचीवरून पुढे सरकत राहतो. त्याचे गुडघे कधी पूर्ण सरळ होत नाहीत, पावलं आखूड असतात, टाच आपटत नाही. सगळा धक्का कंबरेखालीच मुरतो. आपल्या हातातल्या पिस्तुलाला नेमकी हीच चाल हवी.

आपल्याकडचा नेमबाज लेनमध्ये घडतो. दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे शरीर निश्चल करणं हीच तिथली विद्या. वरळीच्या रेंजवर मीही तीच शिकले आणि ती अजून कामी येते. पण प्रॅक्टिकल शूटिंगचा, म्हणजे घड्याळ लावून, जागा बदलत नेम साधायच्या खेळाचा, हिशोब निराळा. १९७६ साली अमेरिकेत आयपीएससी ही या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ती अचूकपणा, ताकद आणि वेग या तिन्हींना धरून. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, हा तिचा मुख्य नियम. टार्गेटचा मधला ‘ए’ भाग १५ सेंटिमीटर रुंद, त्याला ५ गुण. कमी ताकदीच्या गोळ्यांच्या ‘मायनर’ गटात त्याच्या बाहेरच्या ‘सी’ भागाला ३, त्याहून बाहेरच्या ‘डी’ला १, आणि गोळी टार्गेटला लागलीच नाही तर १० वजा.

आता हे गणित करून बघा. थांबून चार गोळ्या, चारही ‘ए’, वेळ ५ सेकंद: २० भागिले ५, म्हणजे ४. चालत मारताना दोन ‘ए’, दोन ‘सी’, वेळ ३.८ सेकंद: १६ भागिले ३.८, म्हणजे ४.२. चालणारा जिंकला. पण त्याच वेळेत एक ‘ए’ घसरून ‘डी’त गेला तर १२ भागिले ३.८, म्हणजे जेमतेम ३.२. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टार्गेट सात-आठ मीटरच्या आत असेल तर चालत मारा. त्याहून लांब असेल, किंवा त्याला नो-शूट (ज्याला गोळी लागली की गुण कापले जातात असं टार्गेट) चिकटलेलं असेल, तर सरळ थांबा.

आता पाय. एक-दोन पावलंच सरकायचं असेल तर तोंड टार्गेटकडे ठेवून नुसतं सरकावं: जायच्या बाजूचा पाय आधी, दुसरा मागोमाग, दोन्ही पाय एकमेकांना चिकटू न देता. त्याहून लांब जायचं असेल तर ही चाल कामाची नाही, प्रत्येक पावलाला डोकं वर-खाली होतं. तिथे पायाची बोटं आणि कंबर जायच्या दिशेला वळवा आणि फक्त वरचं अंग टार्गेटकडे पिळा. हा पीळ कंबरेतून यायला हवा. नुसते खांदे वळवलेत तर पकड सुटते.

पाऊल नेहमीच्या चालीपेक्षा आखूड टाका. आधी टाच टेकवा, मग वजन हळूहळू अंगठ्याकडे न्या आणि मागची टाच शक्य तितकी उशिरा उचला. दोन्ही पायांच्या वाटांमध्ये वीतभर अंतर राहू द्या, म्हणजे कंबर झुलत नाही. गुडघे पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत सारखेच वाकलेले हवेत. निघताना वाकलेले आणि मध्येच सरळ झालेले, हे सर्रास दिसतं.

सरावाला महागडं काही लागत नाही. आमच्या चाळीची गॅलरी लांब आहे, तेवढी पुरते. स्टीलचा पेला काठाखाली बोटभर जागा ठेवून पाण्याने भरायचा, दोन्ही हातांनी पिस्तुलाच्या उंचीवर धरायचा, नजर समोरच्या पिंपळाच्या एका फांदीवर ठेवायची आणि कठड्याला समांतर चालायचं. भाचीला हे करायला लावलं तेव्हा ती वैतागून म्हणाली, “मावशी, दर वेळी उजवा पाय टेकला की सांडतंय.” मी लादीवर बसून तिचा पाय बघितला. टाच व्यवस्थित टेकत होती, पण टेकायच्या क्षणभर आधी गुडघा ताठ होत होता आणि चवडा फट् करून खाली येत होता. “गुडघा वाकलेला ठेवूनच पाय टेक, आणि चवड्याचा आवाज येऊ देऊ नकोस,” एवढंच सांगितलं. पाणी सांडायचं थांबलं. आवाजावर कान ठेवा, डोळ्यांना न दिसलेली चूक तो सांगतो. पावसाळ्यात ओल्या लादीवर मात्र हा सराव नको.

गॅलरीत पेलाच न्यायचा, पिस्तूल नाही, खेळण्यातलंही नाही. ते खरं की खोटं, हे समोरच्या बिऱ्हाडाला कुठून कळणार? ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे बिनगोळीचा सराव, आतल्या खोलीत, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून करा.

गोळी नेमकी कधी सोडायची? दोन पावलं टेकण्याच्या मधल्या क्षणी सोडा, असं जुने लोक सांगायचे. मला ते पटत नाही. पावलं मोजायला लागलात की चाल अडखळते. डॉट, म्हणजे साइटमधला नेमाचा ठिपका, थोडा हलणारच. तो ‘ए’च्या आत हलतोय तोवर ट्रिगर दाबत राहा आणि चालीचा वेग बदलू नका. गोळी सुटतानाच पाऊल आखडणं ही सवय मोडायला सगळ्यात कठीण.

पुढे नेम धरावा लागतो का, असंही मुलं विचारतात. गोळी तुमच्या चालीचा वेग सोबत घेऊन निघते. सेकंदाला साधारण ३०० मीटर जाणारी गोळी १० मीटरवर पोचेपर्यंत, तुम्ही सेकंदाला १.२ मीटरने चालत असाल तर, जायच्या दिशेला ४ सेंटिमीटर सरकते. ५ मीटरवर निम्मंच. १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात हे सहज सामावतं, म्हणून नेम मधोमधच धरा.

उजव्या हाताच्या नेमबाजाला उजवीकडे जाताना पीळ सोपा पडतो. डावीकडे जाताना टार्गेट उजवीकडे राहतं, डावा हात छातीवरून आडवा येतो आणि उजवं कोपर वाकतं. वाकू द्या. फार ओढ बसत असेल तर बोटं पूर्ण डावीकडे न नेता ४५ अंशांवर ठेवा.

डावीकडे जातानाच सगळ्यात मोठा धोका असतो, मॅगझिन बदलताना. उजव्या हाताचा माणूस मॅगझिन बदलताना सवयीने नळी डावीकडे वळवतो. अंग आधीच डावीकडे असेल तर तीच नळी ९० अंशांची मर्यादा ओलांडून मागे वळते, आणि रेंज ऑफिसर तिथल्या तिथे थांबवून स्पर्धेतून बाद करतो. मॅगझिन बदलताना नळी टार्गेटमागच्या, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडेच ठेवा, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि डावा हात मॅगझिन घेऊन पिस्तुलापर्यंत येऊ द्या. हा भाग आधी जागेवर उभं राहून, मग एका पावलात, मग पूर्ण चालीत घोटा. पहिल्या दिवशी गोळ्या भरून करायचा हा सराव नाही.