आरएक्स १०० ला चेंबर घेताना आधी सुतळी लावा

शेताच्या कच्च्या वाटेवर पळवायला जुनी यामाहा आरएक्स १०० तयार करताय आणि समोर दोन-तीन चेंबर सायलेन्सर (मध्ये फुगीर पोट असलेले एक्झॉस्ट पाइप) ठेवलेत? आवाजावर जाऊ नका. एक सुतळी आणि व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घ्या.

सिलिंडरच्या तोंडापासून पाइपच्या मधोमध सुतळी धरून, फुगीर पोटानंतरचा निमुळता शंकू संपतो तिथपर्यंत मोजा. टू-स्ट्रोकमध्ये याच शंकूवर आपटून परतलेली दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत आत ढकलते. लांबी जास्त असेल तर ताकद कमी आरपीएमला मिळते, आखूड असेल तर वरच्या आरपीएमला. ढेकळांत, चढावर मला लांबच बरा वाटतो.

मग शेवटच्या बारीक नळीचं आतलं माप घ्या. ही फार अरुंद असेल तर दाब आणि उष्णता आतच कोंडते. अशाच एका पाइपनं भर मे महिन्यात तुळजापूर रोडवर माझा पिस्टन जाम केला. उघडून पाहिलं तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. सोलापूरच्या उन्हात हे माप अजिबात सोडू नका.

हातानं वळवलेल्या पाइपवर शंकूंच्या जोडाला गोल वेल्डिंग दिसतं. डायमध्ये दाबलेल्याला दोन्ही कडांनी लांब शिवण असते. आत बोट फिरवून वेल्डिंगचे थेंब तपासा.

बसवल्यावर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) आधी मोठा ठेवा, मग स्पार्क प्लगचा रंग बघत एकेक नंबर उतरवा.